पेटीत डोळा नाही

खापरेबाईंच्या दारावर थाप मारून नुसतं ‘मी आहे’ म्हटलं तर दार उघडत नसे. आतून खणखणीत आवाज येई, “मी म्हणजे कोण? नाव नाही काय?”

मी पांढुर्ण्याला नवीन आले होते. मुलींच्या शाळेत नोकरी लागली होती आणि उद्या रुजू व्हायचं, तर आज मोठ्या बाईंना, खापरेबाईंना, भेटून यावं म्हणून त्यांच्या घरी गेले. थाप मारली. प्रश्न आला. मी म्हटलं, “पोस्टातल्या देशपांड्यांच्या घरून आले.”

“देशपांडे पोस्टात हायेत, मले माहीत हाये. दारात कोण हाये?”

“त्यांची मंडळी.”

“मंडळी भजनाची असते. तू कोण?”

शेवटी मी चिडून “कुसुम!” असं ओरडले, तेव्हा कडी निघाली. समोर ठेंगणीशी, रुंद खांद्यांची, नऊवारी घट्ट खोचलेली बाई उभी. हसत होती. “आता कसं! ये, चहा घे.”

खापरेबाई रस्त्याच्या कडेनं चालत नसत. मधून चालत, आणि संत्र्यांच्या पेट्या घेऊन स्टेशनाकडे निघालेली, बैल जुंपलेली खासरं त्यांना वळसा घालून जात. पायात चांभाराकडून मुद्दाम शिवून घेतलेल्या पुरुषी वहाणा. बायकांच्या चपला घरातल्या घरात चालायला केलेल्या असतात, असं त्यांचं मत होतं. सभेला गेल्या की पहिल्या रांगेत बसत. तिथं बाईमाणूस बसत नाही असं कुणी सांगितलं तर म्हणत, “आजपासून बसते.” पालीला मात्र विलक्षण भीत. वर्गात भिंतीवर पाल दिसली की शिकवणं अर्ध्यावर टाकून ओसरीवर येत आणि एखादी पोरगी पाल हाकलून “गेली बाई” म्हणेपर्यंत आत पाऊल टाकत नसत.

नवऱ्याबद्दल त्या एकच वाक्य बोलत. “भला माणूस होता, लवकर गेला.” त्यापुढं विचारायची कुणाची छाती नव्हती.

बाई नेहमीच बरोबर असत असं नाही. लाजाळू माणसाचा त्यांना राग येई. एखादी मुलगी उभी राहून पदराचं टोक चावू लागली की त्या इतक्या कडाडत की तिला उरलासुरला शब्दही सुचत नसे. मला ते पटत नसे. पण त्या वेळी आमच्याकडे न लाजणारी बाई म्हणजे एकट्या त्याच होत्या, त्यामुळं त्यांना समजवायचं तरी कुणी?

देश स्वतंत्र होऊन थोडी वर्षं झाली होती. पहिली निवडणूक येणार, आणि बायकांनाही मत आहे, हे गावात कळलं होतं. याद्या करायला कारकून घरोघर फिरू लागले. पुरुषांची नावं भराभर लिहिली गेली. बायकांपाशी गाडं अडलं. कारकुनानं विचारलं की दाराआडून उत्तर येई, “वामनची बायको.” “गणपतची माय.” कारकून तेच लिहून पुढं जाई. मग वरून हुकूम आला की असली नावं चालायची नाहीत, गाळली जातील.

बाईंना हे कळलं तेव्हा आम्ही मधल्या सुट्टीत भाकर खात होतो. घास तसाच ठेवून त्या उठल्या. “गाळतात? आमच्या बायका काय चहाचा चोथा हायेत?”

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की त्या निघत आणि मला बरोबर ओढत. आम्ही कपाशीच्या वावरांतून, संत्र्यांच्या बागांतून, नदी ओलांडून सावरगावच्या गल्ल्यांतून फिरलो. बाई पोटतिडकीनं सांगत आणि बायका तोंडाला पदर लावून हसत. स्वतःचं नाव स्वतःच्या तोंडानं घ्यायचं म्हणजे त्यांना अंगावरचं लुगडं सोडण्यासारखं वाटे. आठवडाभर पायपीट करून हाती काही लागलं नाही.

मग बाईंनी हळदीकुंकू केलं. शाळेच्या ओसरीवर नदीच्या दोन्ही काठच्या बायका जमल्या. स्वतः विधवा असून बाईंनी हळदीकुंकू केलं म्हणून काहीजणी आल्या नाहीत. काहीजणी मात्र तेच पाहायला आल्या. कुंकू लावायचं काम माझ्याकडे होतं. ते झालं, फुटाणे-साखर वाटून झाली आणि रीतीप्रमाणे उखाणे सुरू होणार, तेवढ्यात बाई मध्ये उभ्या राहिल्या.

“आज नवऱ्याचं नाव नाही घ्यायचं. त्याचं यादीत आलं. आज आपलं घ्यायचं.”

कुणीतरी कुजबुजलं, “असं कुठं असते व माय!”

“पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी हेच पुरुष गोटमारीत नदीच्या दोन्ही काठांवरून दगड मारून एकमेकांची टाळकी फोडतात,” बाई म्हणाल्या, “आणि मत द्याले अक्कल लागते म्हणून तुम्हाले हसतात. हसू द्या. पण यादीत नाव तर येऊ द्या.”

बायका एकमेकींना कोपरानं ढोसत राहिल्या. मग मागून एक काळीसावळी, उंच, तरणी बाई उभी राहिली. दादासाहेब मालगुजारांच्या, म्हणजे गावच्या जमीनदारांच्या, बागेत ती खुडणीला जात असे. डोळे मिटून, एका दमात ती म्हणाली,

“कपाशीच्या झाडाले टचटचीत बोंड,
कौतिका नाव सांगाले मले हाये तोंड!”

काय हशा उसळला! त्यानंतर एकेक करत उठू लागल्या. कुणाचं यमक जुळलं, कुणाचं फसलं. एक म्हातारी मात्र उठून तशीच उभी राहिली.

“काय झालं आजी?”

“कोणतं सांगू बाई? माहेरी चिंधी होतं. लग्नात त्याइनं लक्ष्मी ठेवलं. पण म्हणलं तर कोणी काहीच नाही. माय म्हणलं, म्हातारी म्हणलं.”

एरवी कडाडणाऱ्या बाई या वेळी अगदी हळू बोलल्या. “तुम्हाले कोणतं पाहिजे?”

म्हातारीनं विचार केला. “चिंधी,” ती म्हणाली. “माह्या मायनं ठेवलं होतं.”

तिचं नाव चिंधी म्हणूनच लिहिलं गेलं.

त्या आनंदात आम्ही आठ दिवसही राहिलो नाही. एका सकाळी कौतिका शाळेच्या फाटकाशी उभी होती. गाल सुजलेला, ओठ फुटलेला. भर ओसरीवर नाव घेऊन तिनं घराण्याची अब्रू घालवली म्हणून नवऱ्यानं, वामननं, तिला मारलं होतं.

“तुम्ही म्हणता नाव सांगा,” ती बाईंना म्हणाली. आवाजात रडं नव्हतं, राग होता. “सांगतलं. आता मार कोण खाऊन राहिलं? तुम्ही का मी?”

बोलताना अडकलेल्या खापरेबाई मी तेव्हा पहिल्यांदा पाहिल्या.

त्या संध्याकाळी त्या कौतिकाच्या घरी गेल्या आणि तिच्या ओट्यावर बसल्या. वामन शेतातून आला. बाई उठल्या नाहीत. पोरींच्या पाट्या आणल्या होत्या, त्या तपासत बसल्या. दिवेलागण झाली तशा उठून आल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेल्या, तिसऱ्या दिवशीही. गल्लीतले लोक येता-जाता विचारू लागले, “बाई, इथं काय करून राहिल्या?” बाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगत, “वामन बायकोले मारते. मी पाहाले बसली.”

वामन आधी गुरकावला, मग मागच्या दारानं ये-जा करू लागला. एक दिवस समोर येऊन त्यानं हात जोडले. “बाई, घरी जा. आता नाही उचलत हात.”

“मी कशी जाऊ? कोणाले नाही मारत ते तर सांग.”

“हिले.”

“हिले म्हणजे कोणाले?”

वामननं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. गल्ली कान देऊन उभी होती. आमच्याकडे नवराही बायकोचं नाव घेत नाही. ‘अवो, ऐकलं काय’ म्हणतो. खाली मान घालून तो म्हणाला, “कौतिकाले.”

बाईंनी पाट्या गोळा केल्या. त्यानंतर वामनचा हात पुन्हा कधीच उठला नाही असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पण उठला तर ती बाई पुन्हा येऊन ओट्यावर बसेल, ही धास्ती त्याला होती हे नक्की. आणि बाईही बदलल्या. यापुढं कुठल्याही बाईनं नाव दिलं की तिला घरापर्यंत पोचवून, घरच्यांशी बोलूनच त्या परतत.

नावं झाली, आता मत कसं द्यायचं ते शिकवायचं होतं. तेव्हा कागदावर शिक्का मारायची पद्धत नव्हती. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, तिच्यावर त्याचं चिन्ह. पडद्याआड जायचं आणि हव्या त्या पेटीत मतपत्रिका टाकायची. बाईंनी रॉकेलचे रिकामे डबे धुऊन घेतले, वरून चिरा पाडल्या, आणि पोरींकडून चित्रं काढून चिकटवली. एकावर संत्रं, एकावर कपाशीचं बोंड, एकावर ज्वारीचं कणीस आणि एकावर वांगं. वर्गात चादर बांधून पडदा केला. एका रविवारी बायकांची मोठी रांग लागली.

मतं मोजली तर संत्रं निवडून आलं. पण वांग्याच्या डब्यातही दोन चिठ्ठ्या निघाल्या. मग काय विचारता! “वांग्याले कोणं देल्लं व?” एकमेकींची तोंडं पाहणं, चिमटे काढणं, शपथा घालणं सुरू झालं. पण कबूल कुणी होईना. बाई टेबलावर हात आपटून म्हणाल्या, “बस. हेच शिकाचं होतं. चार भिंतींच्या आत तुमच्या जिवाभावाच्या मैत्रिणीले पत्ता नाही लागला. मग मालकाले कसा लागंन?”

हे शेवटचं वाक्य मालकाच्या कानावर गेलं.

दादासाहेबांची मालगुजारी कायद्यानं गेली होती. पण त्यांच्या अंगणातली खुर्ची आणि तिच्यासमोर चपला काढून उभे राहणारे लोक गेले नव्हते. त्यांचा एक माणूस निवडणुकीला उभा होता. त्यांनी आधी बाईंना निरोप पाठवला की डब्यांवर संत्र्या-वांग्याऐवजी आमच्या उमेदवाराचं चिन्ह लावा, म्हणजे बायकांना ओळख होईल. बाईंनी निरोप आणणाऱ्याला सांगितलं, “माह्या शाळेत चिन्ह लागणार नाही. त्यांचं नाही अन् दुसऱ्याचंही नाही.”

मग तक्रार गेली. सरकारी शिक्षिका प्रचार करते. चौकशीला एक साहेब आले. खुर्चीवर बसून त्यांनी डबे पाहिले, चित्रं पाहिली.

“या चित्रांमधून तुम्ही कुणाकडे बोट दाखवता असं म्हणणं आहे, बाई.”

“कोणत्या चित्रातून, साहेब?”

साहेबांनी कपाळ पुसलं. “उदाहरणार्थ, हे वांगं.”

“वांग्यात दादासाहेबांले आपला माणूस दिसत असंन,” बाई गंभीरपणे म्हणाल्या, “तर त्याले मी काय करू?”

मी तोंडात पदर कोंबून मागच्या ओसरीवर पळाले. साहेबांना हसता येत नव्हतं आणि रागावताही येत नव्हतं. ताकीद देऊन ते गेले. डबे मात्र पुढचे कितीतरी रविवार वर्गात राहिले.

मतदानाच्या दिवशी शाळेतच केंद्र होतं. बायकांची रांग वेगळी. बाई सगळ्यांत पुढं उभ्या होत्या. दादासाहेबांच्या बागांतल्या बायका खासरांत बसून आल्या, त्यात कौतिकाही होती. त्यांच्याबरोबर दादासाहेबांचा मुनीम आला आणि रांगेच्या कडेकडेनं फिरू लागला. तो काय बोलतोय ते आधी कळलं नाही. पण बायकांचे चेहरे उतरत गेले. मग मला ऐकू आलं. “पेटीले आतून डोळा हाये, माय. कोणी कुठं टाकलं ते दादासाहेबांले दिसते. उद्या कामावर याचं हाये ना?”

मी जाऊन बाईंच्या कानात सांगितलं. त्यांनी मुनिमाकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ दारातून आत बघत केंद्रावरच्या साहेबाला म्हणाल्या, “साहेब, बाहेर येऊन या बायकांले सांगा की मत कोणाले दिसत नाही.”

साहेब म्हणजे तरुण कारकून होता. दादासाहेबांचा दरारा त्याला ठाऊक होता. “बाई, तुम्ही मत द्या ना. रांग अडली आहे.”

“अडू द्या,” असं म्हणून बाई दारात, उंबऱ्यावर मांडी घालून बसल्या.

पुढची बाई आत जाईना, मागची पुढं सरकेना. पुरुषांच्या रांगेतून आरडाओरडा झाला. पोलिस आला. एका मास्तरीणबाईला उचलावं कसं हे न कळून तो नुसताच काठी टेकून उभा राहिला. शेवटी कारकून बाहेर आला आणि पुटपुटला, “मतदान गुप्त आहे.”

“मोठ्यानं. मागच्याईले ऐकू नाही गेलं.”

“मतदान गुप्त आहे!”

“गुप्त म्हणजे काय ते त्याइले नाही समजत. सोपं सांगा.”

त्याचा चेहरा लालबुंद झाला. “कुणी कुणाला मत दिलं ते कुणालाही दिसत नाही, कळत नाही!” तो किंचाळलाच. आता ते पार रस्त्यापर्यंत ऐकू गेलं.

तेवढ्यात दादासाहेब स्वतः आले. पांढरं धोतर, हातात छडी. गर्दीनं वाट दिली. बाईंपुढं थांबून ते गोड आवाजात म्हणाले, “उठा बाई. झालं ना तुमच्या मनासारखं?”

“उठतो ना,” बाई बसल्या जागेवरून म्हणाल्या. “पण या बायका तुमच्या बागेतल्या हायेत. साहेबाच्या शब्दावर त्याइचा भरोसा नाही, तुमच्यावर हाये. तुम्हीच सांगा एकदा, पेटीत डोळा हाये का नाही?”

आहे म्हणावं तर समोर पोलिस आणि साहेब उभे. नाही म्हणावं तर सकाळपासूनची मुनिमाची मेहनत पाण्यात. दादासाहेब हसले. ते हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही.

“नाही,” ते म्हणाले. “पेटीत कसला डोळा असते?”

“ऐकलं काय व!” बाईंनी मागं वळून हाक दिली. “दादासाहेब म्हणून राहिले, पेटीत डोळा नाही!”

आणि त्या लुगडं झटकून उठल्या.

दादासाहेबांचा माणूस निवडून आला. खोटं कशाला सांगू? मला फार वाईट वाटलं. बाईंना म्हटलं, एवढं करून काय झालं? मी वर्गात पाढा चुकल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “यावा की निवडून. पण या वेळी त्याले मत मागावं लागलं. हुकूम करून नाही भागलं.” बोटावरची शाई दाखवत फिरणाऱ्या कौतिकाला मी एकदा हळूच विचारलं, कुणाला दिलंस? ती म्हणाली, “ते सांगाचं नसते, बाई.”

मग काही वर्षांनी नकाशा बदलला. आमचं नागपूर, आमची राजधानी, जिथं आम्ही चष्मे करायला, लग्नाचे शालू घ्यायला जात होतो, ते एका सकाळी दुसऱ्या प्रांतात गेलं. आम्ही छिंदवाडा जिल्ह्याबरोबर मध्यप्रदेशातच राहिलो. राजधानी भोपाळला गेली, जी आमच्यापैकी कुणी पाहिली नव्हती. सौंसरपासून तिगावपर्यंतच्या आमच्या गावांत घरात, बाजारात, भांडणात मराठी तशीच राहिली. सरकारी कागद मात्र बदलले.

दुसऱ्या निवडणुकीच्या वेळी मत कसं द्यावं हे सांगणारे तक्ते आले. सगळे हिंदीत. बाईंनी ते लावले नाहीत असं नाही, लावले. पण प्रत्येक तक्त्याशेजारी भिंतीवर गेरूनं तेच मराठीत लिहिलं, शाळेच्या भिंतीवर, बाजारात, विहिरीच्या कट्ट्यावर. कुणीतरी रात्रीतून चुना फासला. बाईंनी सकाळी चुन्यावर पुन्हा लिहिलं. पांढऱ्यावर गेरू आणखी उठून दिसला.

वरच्या ऑफिसातून बोलावणं आलं. मी बरोबर गेले होते. नवे साहेब सभ्य होते. त्यांनी समजावलं, “बाईजी, अब आपका प्रांत हिंदी है.”

“प्रांत असंन, साहेब,” बाई म्हणाल्या. “कान मराठी हायेत.”

“सरकारी काम सरकारी भाषा में ही होगा.”

“सरकारले यांचं मत पाहिजे ना? मागणाऱ्यानं देणाऱ्याच्या भाषेत मागावं. आमच्याकडे भिक्षेकऱ्यालेही एवढं समजते.”

महिन्याच्या आत बदलीचा हुकूम आला. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, डोंगरातली शाळा, जिथं मराठीचा शब्द ऐकू येणार नाही. शिक्षा कशी असावी हे कुणीतरी नीट विचार करून ठरवलं होतं. कौतिका आणि सावरगावच्या बायका चिडल्या. मतदानावर बहिष्कार टाकतो, म्हणाल्या. बाई त्यांच्यावर कडाडल्या, “खबरदार! माह्यासाठी घरी बसाल तर यांचंच काम कराल. सगळ्याजणी मत द्याले जाजा अन् सगळ्याइच्या आधी जाजा.” निरोपसमारंभ करू दिला नाही. ट्रंक आणि वळकटी बसवर टाकून गेल्या.

पुढं आमचीही बदली छिंदवाड्याला झाली. एकदा सुट्टीत मी चौकशी करत त्या डोंगरातल्या गावाला गेले. बस थांबली ती आठवडी बाजारापाशी. मला वाटलं होतं, बाई खचल्या असतील, एकट्या पडल्या असतील. काय बोलायचं, कसा धीर द्यायचा, याची वाटेत जुळवाजुळव केली होती.

बाई बाजारात एका झाडाखाली मोहाची फुलं विकणाऱ्या गोंड बायकांत बसल्या होत्या. केस पार पांढरे झाले होते. मला पाहून हात वर केला आणि ‘थांब’ अशी खूण केली. मी उभी राहिले.

“शाळेतून वर कळवलं मी,” नंतर दोन मिनिटं मोकळ्या झाल्या तेव्हा म्हणाल्या. “मतदानाचे हिंदी तक्ते याइच्याही कामाचे नाहीत म्हणलं. गोंडीत पाहिजेत.”

“मग?”

“साहेब म्हणे, गोंडी लिहून कोण देईल? म्हणलं, मी देतो.” मग थोडं खाजगीत सांगितल्यासारखं, “बोलता कुठं येते अजून? शिकून राहिली.”

“पुन्हा बदली करतील, बाई.”

“करू दे. जिल्हा मोठा हाये. भाषा शिकणं होईन.”

दिवसाची ती एकच बस, पंधरा मिनिटांत उलटी फिरली. ड्रायव्हर भोंगा वाजवू लागला. मी खिडकीत बसून पाहत होते. बाई पुन्हा त्या बायकांत जाऊन बसल्या होत्या. त्यांनी एक शब्द म्हटला. तो चुकला असावा, कारण सगळ्याजणी खदखदून हसल्या आणि एका म्हातारीनं त्यांच्या हनुवटीला हात लावून तोच शब्द सावकाश म्हणून दाखवला. बाईंनी पुन्हा म्हटला. पुन्हा हशा झाला. बस वळणावर आली तेव्हा त्या जराही न लाजता, मान ताठ करून, आणखी मोठ्यानं तोच शब्द म्हणत होत्या.